धा मिनटांवरची राई

मी हैबतराव. ताम्हिणीच्या अलीकडं, कोकनात उतरनाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर हाय. घराच्या अंगाला पाव्हन्यांसाठी चार खोल्या, फुडं च्या-भाकरीचा ओटा. समदं म्या ह्या दोन हातांनी उभं केलं. शाळा आठवीपतुर. नववीला मास्तरला माझ्या प्रश्नांची उत्तरं येईनात, तवा म्हनलं उगं त्या मानसाची अडचन कशाला करा, आन सोडली. पन आज मी माझं सांगाया बसलो न्हाई, माझ्या धाकट्या बहिनीचं सांगाया बसलोय. गौतमी तिचं नाव. आसली बाई मुळशी तालुक्यात दुसरी न्हाई. कुनी आसंल तर तिनं आमच्या ओट्यावर यावं, मी च्या पाजतो आन इचारतो, काय केलंस बाई तू?

आमच्याकडं पावसाचे चार महिने म्हंजी झोप आन जाग ह्यांच्या मधला येळ. धुकं फुडल्या दारानं आत येतं, चुलीपाशी घटकाभर बसतं, मागल्या दारानं निघून जातं. डोंगर सकाळी आसतो, दुपारी नसतो, परत सांजच्याला कुटनं तरी येऊन जागेवर उभा राहतो. आसल्या मुलखात गौती वाढली. लहान व्हती तवा रस्त्याकडंच्या दगडावर बसून राहायची. धुक्यातनं दोन पिवळे ठिपके यायचे, त्यांची गाडी व्हायची, परत गाडीचे दोन तांबडे ठिपके हून जायाचे. येक दिस मला म्हनली, "दादा, ह्या गाड्या कुटं जाऊन झोपत्यात?"

सात वर्साची व्हती. मी एकोनीस. मी म्हनलं, "समुद्रात."

तिनं मान हालवली. जसं काय तिला आदीच ठावं व्हतं, निसतं माझ्याकडनं वदवून घ्यायचं व्हतं.

नऊ वर्साची झाली तवा तिनं पयला पाव्हना वाटंला लावला. पुन्याचं येक म्हातारं जोडपं आलं, त्यास्नी काळकाईची राई बघायची व्हती. काळकाई आमची देवी, आन तिची राई म्हंजी डोंगराच्या घडीत देवीसाठी राखून ठेवलेलं रान. तितनं वाळकी काटकी बी कुनी घरला आनत न्हाई. मला कामं व्हती. गौतीनं दोगांचे हात धरले आन ती धुक्यात शिरली. उनं कलल्यावर परत आली, दोगंबी तिच्यामागं, चेहरे आसे जसं काय आंघूळ करून आलेत. म्हातारी माझ्या आईला, रंभाबाईला, म्हनली, "तुमची मुलगी वाटेत फारसं बोललीच नाही हो. पण आम्हाला सगळं दिसलं."

आई काळजीत पडली, पोरगी घुमी निघतीया का काय. मी तवाच वळखलं. म्हनलं, "आये, ही मोठी हुनार." मी म्हनलं की ते हुतं, हे गावाला ठावं हाय.

पौडाला बारावी झाली, पुन्यात पर्यटनाचं शिकली, मंग तितल्याच येका टूर कंपनीत लागली. बारा वर्सं. येकदा मी भेटाया गेलो. काचेची खोली, आत गारठा, भिंतीवर येक निळा समुद्र, इतका निळा की खोटा वाटावा. समोर बसलेल्या नवरा-बायकूला गौती सांगत व्हती, सकाळी उठल्यावर खिडकीतनं काय दिसंल, पानी कसं वाजंल. ती दोगं डोळे मिटून ऐकत व्हती. ती गेल्यावर मी इचारलं, "गौते, तू पाह्यलास का गं ह्यो समुद्र?"

"न्हाई रं दादा. मी निसती लोकांना धाडते."

येताना बसमदी मला झोप लागली आन सपनात तो निळा समुद्र आमच्या भातखाचरात भरलेला दिसला. घरी आल्यावर मी कुनाला बोललो न्हाई. मी सपनं सांगत हिंडनारा मानूस न्हाई.

मंग तीन वर्सांमागं ती नोकरी सोडून आली. काय झालं, तर आता नववीपासनं पोरांना पुस्तकासंगट येक हुन्नराचा विषय घेता येतो. कुटं शिवन, कुटं गाड्यांची दुरुस्ती, कुटं शेती. तसाच पर्यटन. पोरगं धावी पास झालं की त्या हुन्नराचं सर्टिफिकेट त्याच्या हातात येगळं. आमच्या खोऱ्यातलं हायस्कूल, रिहे गावचं येक, पौडाचं येक, आशा तीन शाळा येकाच संस्थेच्या. संस्थेला ह्या विषयासाठी शाळा तयार करून देनारं मानूस पायजे व्हतं. तयारी म्हंजी येक खोली पायजे, खोलीत पाव्हन्यांची उठबस शिकवायचा सरंजाम पायजे, पंचवीस पोरं पायजेत, आन गावात खरोखर दावन्यासारखी येक फेरी पायजे, जी पोरं सोता पाव्हन्यांना घडवत्याल. मंग तपासनीला दोन मानसं येनार, बघनार, आन मंजुरी द्यायची का न्हाई ते ठरवनार.

आमची शाळा पयली. ती पास झाली तर रिहे आन पौडाचा नंबर. नापास झाली तर समदं बंद, आन गौती परत काचेत. हे तिनं मला येकदाच सांगितलं, भाकरी थापता थापता, पाठमोरी. मी म्हनलं, "नापास? माझी बहीन?" भाकरी मातूर करपली.

शाळेचे मुख्याध्यापक बंडोपंत सर. अंगानं भरलेले, मनानं बरे. पयल्या दिशी म्हनले, "गौतमी, पर्यटन म्हणजे फिरायलाच शिकवायचं ना? अगं, आमची पोरं वर्षभर फिरतच असतात. वर्गात बसायला शिकव, तर उपकार होतील."

"सर, मी लोकांना फिरवायला शिकवनार हाय."

"हं. आणि लोक येणार इथं? काय बघायला?"

"तुमाला," गौती म्हनली.

बंडोपंत हसले आन त्यांनी मोडक्या बाकड्यांची खोली उघडून दिली. पोरांनी ती झाडली, सारवली. रिसेप्शनचा काउंटर मी केला, फनसाच्या लाकडाचा. पुन्यातल्या मोठ्या हाटेलात बी तसा नसंल. येकच झालं, मी तो माझ्या मापानं केला. पयल्या दिशी शीतल नावाची पोरगी काउंटरमागं उभी राहिली तर निसता तिचा भांग दिसायचा. शीतल वरल्या वाडीची, लिलाबाईची नात. लिलाबाई रानातनं हिरडा, मध, जळनाची फाटी आननारी बाई. पोरगी काउंटरमागनं म्हनली, "सुस्वागतम्," आन समदा वर्ग शोधाया लागला, आवाज कुटनं आला. मी म्हनलं, "पोरं वाढत्याल की." गौतीनं माझ्या हातात करवत दिली.

खोलीत पोरं पाव्हना-पाव्हना खेळायची. म्हंजी धडाच व्हता तो. येक पोरगं पाव्हना हून यायाचं, शीतलनं त्याची नोंद करायची.

"नमस्कार. कुनाचं तुमी?"

"शीतल, कुनाचं न्हाई इचारायचं," गौती म्हनायची. "नाव इचार."

"नाव काय? बरं. लगीन झालंय का?"

"शीतल!"

"मॅडम, मंग खोली कशी द्यायची? येकट्याची का दोगांची?"

गौती मातूर कवा वरडायची न्हाई. ती म्हनायची, पानी आदी देता ते बरूबर हाय, जेवला का इचारता ते बी बरूबर. बाकीचं पोटात ठेवा. मी दाराशी उभा राहून बघायचो. भाईर पाऊस, आत कंदिलागत उजळलेली ती खोली, पोरं कागदाच्या नकाशावर बोटं फिरवत बसलेली. बोट नदीवरनं जायाचं, धरनात पडायचं, परत वर यायाचं. मला गुंगीच यायाची.

पन गौतीनं सगळ्यात जास्ती येळ घातला तो येका भलत्याच गोष्टीवर. आमच्याकडं वाट इचारली की मानूस काय सांगतो? "हितंच हाय." कोस आसू दे न्हाईतर तीन कोस. ही लबाडी न्हाई, ही माया हाय. दमल्या मानसाला लांब हाय म्हनलं की त्याचे पाय तितंच मोडत्यात. जवळ म्हनलं की तो चालत राहतो, आन चालला की पोचतोच. माझ्या बापानं आसंच सांगितलं, त्याच्या बापानं बी.

गौती म्हनली, "दादा, माया घरात. पाव्हन्याला खरं सांगायचं."

मंग तिनं काय केलं, राईची वाट मोजली. कासऱ्यानं न्हाई, पायांनी. आमच्या ओट्यापासनं राईपतुर लिलाबाईला डोक्यावर मोळी घिऊन चालवली, अर्धा तास. मला चालवलं, तीस-पस्तीस मिनटं. मंग बंडोपंत सरांना चालवलं. सर येक तास आन धा मिनटांनी पोचले, राईच्या तोंडाशी दगडावर बसले आन म्हनले, "गौतमी, माझी शहरी पायांची व्यवस्था तुझ्या कामाला आली, यातच मी समाधानी आहे." पोरांनी वहीत लिवलं, 'शहरी पाय : येक तास धा.' मी हसलो. म्हनलं आसली वही करून कुनी वाटाड्या हुतो व्हय?

तपासनी भाद्रपदात आली, गौरी-गनपती बोळवल्यावर. आदल्या दिशी गौती मला म्हनली, "दादा, गाडी उंद्या सकाळी अकराला शाळेत येनार. चुकून तुझ्याकडं थांबली तर च्या दे आन मला फोन कर. बाकी काय बी करू नकोस."

"मी काय करनार?"

"काय बी करू नकोस."

गाडी आली धालाच. थांबली आमच्याच दारात. उतरले येक निरंजन साहेब, पन्नाशीचे, सारखं घड्याळ बघनारे, आन येक जुईली मॅडम, तरन्या, पायात पांढरे नवे बूट. फोनला रेंज न्हवती. धुक्यात कवाच नसती. मी च्या दिला. बोलता बोलता साहेब म्हनले, "तुमच्या शाळेनं एक फेरी लिहिलीय, देवराईची. मुलं आम्हाला नेणार आहेत म्हणे. लांब आहे का हो?"

आता तुमी सांगा. दारात मानूस आलाय, बहिनीच्या कामाचं बोलतोय, आन मी काय म्हनू, लांब हाय?

"हितंच हाय," मी म्हनलं. "ह्या टेकाडामागं. धा मिनटं."

"शाळेनं पाठवलेल्या कागदात तर तास दिलाय."

"पोरं हायेत ती. मी हितला हाय."

साहेबांनी मॅडमकडं पाह्यलं. "मग आधी आपणच बघून येऊ. मुलांनी सांगितलेलं ताडून बघता येईल."

आईनं आतनं हाक मारली, "हैबत, गौती काय म्हनली व्हती रं?" मी म्हनलं, "आलोच धा मिनटात."

मनात काय व्हतं ते सांगतो. लोक म्हनत व्हते गौतीची शाळा, गौतीची फेरी. मला वाटलं, साहेबांना कळू दे हिच्या मागं कोन हाय. राई दावतो, परत आनतो, आन शाळेत त्यांच्या फुडं चालत जातो.

पयली वीस मिनटं बरी गेली. मंग आमी सड्यावर चढलो, म्हंजी वरलं सपाट कातळाचं पठार, आन धुकं आलं. आलं म्हनन्यापरीस बाकीचं समदं गेलं. साहेबांची छत्री गेली, मंग साहेब गेले, निसता त्यांचा खोकला राहिला. पायाखाली सोनकीची पिवळी फुलं, हातभर दिसायची, फुडं काय न्हाई. जग तेवढंच झालं, येका सतरंजीयेवढं, आन आमी चालू तशी ती सतरंजी आमच्याखाली सरकायची.

येक दगड लागला, मधोमध चिरलेला, चिरेत नेचा उगवलेला. फुडं गेलो. बऱ्याच येळानं परत तसाच दगड.

मॅडम म्हनल्या, "आपण इथून मगाशी गेलो ना?"

"आसले दगड लई हायेत हितं."

मॅडमनी काय केलं, हातातली पान्याची रिकामी बाटली त्या दगडावर ठिवली. गपचीप. आमी चाललो. चाललो. धुक्यातनं परत येक चिरलेला दगड आला, आन त्याच्यावर बाटली.

बाटली माझ्याकडं बघत व्हती.

"काका," मॅडम हळूच म्हनल्या, "किती झाली हो दहा मिनिटं?"

साहेबांनी घड्याळ पाह्यलं. "सव्वा तास. चार वाजता पौडला बैठक आहे माझी."

छेचाळीस वर्सं हितं काढली मी. आमचे लोक ह्याला चकवा म्हनत्यात. चकवा लागला की चालायचं न्हाई, बसायचं. मी म्हनलं, "बसा." आयुष्यात पयल्यांदा मी कुनाला सांगितलं, मला वाट ठावं न्हाई.

आमी तिगं बसलो. कातळ गार, वरनं थेंब न्हाई, पन भुवया भिजलेल्या. कुटंतरी पानी पडत व्हतं, जवळ का लांब, कळंना. मला वाटलं आमी धरनाच्या तळाला बसलोय आन वरनं पान्यागत दिस सरकतोय. तशात मॅडम म्हनल्या, "गौतमी मॅडम तुमच्या सख्ख्या बहीण?"

मी सांगाया लागलो. काचेची खोली, निळा समुद्र, ती न पाहता लोकांना धाडायची ते. ह्या खोलीसाठी सोडलेली नोकरी. आन सांगता सांगता माझं मलाच दिसलं, की मी तिचं बारा आन दोन वर्सांचं काम उचलून आनून ह्या चिरलेल्या दगडापाशी ठिवलंय. मी धुक्याकडं तोंड केलं. धुक्यात येक बरं आसतं, मानूस कुटं बघतोय ते कुनाला कळत न्हाई.

तवा आवाज आला. कूऽऽऽ.

साहेब उठले. "अरे! ओ—" 

मी त्यांच्या तोंडावर हात ठिवला. व्हय, साहेबांच्या तोंडावर. आमच्यात रानात धुक्यातल्या पयल्या हाकंला ओ देत न्हाईत. कोन हाका मारतंय कुनी सांगावं. दुसरीला बी न्हाई. तिसरीला द्यायची, कारन मानूसच तीनदा हाक मारतं, बाकीच्यांना तेवढा धीर नसतो. दुसरी हाक आली, थोडी डावीकडनं. मंग तिसरी. मी छाती फोडून कुकारा घातला.

धुक्यातनं आदी येक काठी आली, मंग शीतल. शाळेचा गनवेश, डोक्यावर घोंगडीची खोळ, गळ्यात पिशवी. हात जोडून, खोलीत शिकली तशी उभी राहिली.

"नमस्कार. मी शीतल. आज मी तुमाला वाट दावनार हाय. कुनाला लागलंय का? पानी पायजे का?"

साहेब तिच्याकडं बघतच राहिले. "तुला कसं कळलं आम्ही इथं आहोत?"

"शाळेत येनाऱ्या पोरांनी सांगितलं, गाडी दादांच्या दारात हाय आन मानसं न्हाईत. मॅडमनी घरी जाऊन रंभाआजीला इचारलं. आजी म्हनल्या, हैबत धा मिनटं म्हनून गेलाय. मंग मॅडमनी गनित केलं. म्हनल्या, दादा रागात न्हाई, तोऱ्यात हाय, म्हंजी भरभर चालला आसंल. राईची वाट सड्यावरनं जितं खाली वळत्या ती खून धुक्यात चुकत्या. आता ते चिरेच्या दगडाभवती फिरत आसतील."

"मॅडम स्वतः नाही आल्या?"

"न्हाई. त्या म्हनल्या, हे आपल्या धड्यातलंच हाय, शीतल, तू जा." मंग तिनं काठीनं फुडं दावलं. "आता तुमी सांगा, राई बघायची का सरळ शाळेत जायाचं? राई हितनं तुमच्या पायानं वीस मिनटं. राईतनं शाळा चाळीस. दादांच्या तोंडानं दोनी मिळून तीन."

जुईली मॅडम इतक्या हसल्या की दगडावर बसल्या. साहेब हसले न्हाईत. घड्याळ बघून म्हनले, "चला. राई दाखव."

फुडं शीतल, तिच्या मागं साहेब, मंग मॅडम, समद्यात शेवटी मी. म्या माझ्याच डोंगरात कवा शेवटी चाललो न्हवतो. पोरगी दर थोड्या येळानं थांबायची, मागं न बघता. पाव्हन्यांचा दम ऐकायची आन मंग पाऊल टाकायची.

राईच्या तोंडाशी तिनं पायतानं काढाया लावली. पिशवीतनं मिठाची पुरचुंडी काढून आदीच समद्यांच्या घोट्यांना चोळली, जळवांसाठी. "आतलं काय उचलायचं न्हाई. पान पडलंय तरी न्हाई. आन आत मी काय सांगनार न्हाई. मॅडम म्हनत्यात, हितं सांगायचं नसतं, थांबायचं आसतं."

आमी आत गेलो.

काय सांगू? लहानपनापासनं मी तितं जातोय. नारळ फोडला, हात जोडले, परत आलो. त्या दिशी मी उभा राहिलो. आत धुकं हिरवं व्हतं. झाडांची बुंधं म्हंजी कुनीतरी लई जुनी मानसं, आंगावर शेवाळाच्या शाली, आमाला बघून बोलायची थांबलेली. जमीन पायाखाली पोळीगत मऊ. येक थेंब वरनं निघायचा, ह्या पानावर, मंग खालच्या पानावर, मंग त्याच्या खालच्या. खाली यायला त्याला इतका येळ लागायचा की तवर मानूस म्हातारा व्हावा. येक पाखरू शीळ घालून इसरून जायाचं फुडं काय व्हतं. काळकाईचा तांदळा, म्हंजी देवीचा बिनमुखाचा दगूड, शेंदरानं तांबडा, समद्या हिरव्यात तेवढाच जागा. साहेबांचा हात मनगटावर गेला, घड्याळावर, आन तितंच राहिला. त्यांनी खाली पाह्यलंच न्हाई.

किती येळ उभे व्हतो ते कुनी मोजलं न्हाई. शीतलनं मोजलं आसंल. तिनं काठी हळूच जमिनीला टेकली तवा आमी भाईर आलो.

शाळेत गौती दारात उभी, तांब्या-भांडं घिऊन. पानी साहेबांना दिलं, मॅडमना दिलं. मला दिलं, पन डोळे भांड्यातच.

खोलीत साहेब काउंटरपाशी बसले. वही चाळली. म्हनले, "मॅडम, आराखडा चांगला आहे. पण पाहुणे हरवले तर काय करायचं, हे यात कुठंच नाही."

"आत्ता हाय, सर." गौतीनं येक दुसरी वही फुडं केली. शाई वली व्हती. आमी हरवलो त्या येळात तिनं वर्गाला बसवून लिवून घेतलं व्हतं. साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "'पाहुणे वेळेवर आले नाहीत, हे कळले : अकरा दहा. शेवटचे कुठे दिसले : हैबतदादांच्या ओट्यावर. कोणाला पाठवले : शीतल, कारण सडा तिला डोळे मिटून माहीत. सोबत काय : पाणी, मीठ, घोंगडी. परत कधी अपेक्षित : राई न बघता एक वाजता, राई बघून दीड. कारण—'" साहेब थांबले.

"वाचा की," बंडोपंत म्हनले.

"'कारण : हैबतदादा.'"

पंचवीस पोरं खाली बघून हालत व्हती. भिंतीवरच्या घड्याळात येक पस्तीस झालते. मी भाईर गेलो. आमच्या घरान्यात आसं कागदावर कुनाचं नाव लागलं न्हवतं.

साहेब जाताना निसतं म्हनले, "अहवाल जाईल." व्हय न्हाई, काय बी न्हाई.

त्या सांजंला गौती ओट्यावर आली. मी म्हनलं, "तू माझं नाव लिवलंस."

"पोरांनी लिवलं. खरं लिवलं."

"मी तुझ्यासाठीच गेलो व्हतो, गौते. माझ्या बहिनीचं नाव—"

"दादा," ती म्हनली, "नाव तुझ्या तोंडात मोठं हुतं. काम माझ्या हातात व्हतं. तू मला येकदा इचारलं आसतंस, तर मीच तुला फुडं घातलं आसतं. आता मंजुरी न्हाई आली तर तू गावात सांगशील साहेब खोटे. आन मी काय सांगू त्या पोरांना?"

मला उत्तर देता आलं न्हाई. मी, ज्याला मास्तर उत्तरं देऊ शकला न्हाई. समोर डोंगर हळूहळू आला आन उभा राहिला.

भात कापून झालं, खाचरं रिकामी झाली, धुकं गेलं आन उघडं निळं आभाळ आलं. तीन महिने. रोज ती शाळेत जायाची आन मंजूर झाल्यागतच शिकवायची. मी गावात तोंड मिटून हिंडलो. लोकांनी आईला इचारलं, हैबतचा घसा बसलाय का?

मार्गशीर्षात बंडोपंत सर सोता चालत आमच्या घरी आले, शहरी पायांनी, घाम पुसत. गौती खळ्यात व्हती. त्यांनी कागद दिला. तिनं वाचला. परत वाचला. मंग तो मला दिला आन म्हनली, "तू वाच, दादा. मोठ्यानं."

मी वाचला. आठवी पास मानसानं सरकारी कागद आडखळत वाचला. पर्यटन विषयाला जूनपासनं मंजुरी. खाली येक ओळ, की हरवलेल्या पाव्हन्यांची ती वही बाकी शाळांनी बघून घ्यावी. रिहे आन पौडाची तयारी गौतमी मॅडमकडंच द्यावी. मी वाचलं आन वरडलो न्हाई. खळ्यातच बसलो. गौती माझ्या शेजारी बसली आन आमी दोगंबी लई येळ कोंडा उडताना बघत राहिलो, उन्हात, सोन्याच्या धुरागत.

जूनमदी नववीचा पयला वर्ग भरला. सव्वीस पोरं. मी खिडकीभाईर पन्हाळ बसवत व्हतो. मुद्दाम न्हाई, पन्हाळ बसवायचीच व्हती. भाईर पांढरं दाटून आलं व्हतं, शाळेचं मैदान, झेंड्याचा खांब, समदं इरघळलेलं. आत गौतीनं पोरांना इचारलं, "आपल्याकडं पाव्हन्याला दावन्यासारखं काय हाय?"

मंग मागच्या बाकावरनं येक पोरगं म्हनलं, "काय बी न्हाई, मॅडम. निसतं धुकं."

मला वाटलं, आता खिडकीतनं आत डोकं घालावं आन सांगावं. पन गौतीनं खडू खाली ठिवला आन ती बाकड्याच्या कडंला टेकून बसली.

"बरं," ती म्हनली. "मंग सांगा, धुक्यात काय काय आसतं?"

येक हात वर गेला. थोड्या येळानं दुसरा. मंग खिडकीपाशी बसलेल्या येका पोरीनं भाईर बघत बघतच हात वर केला, सावकाश, जसं काय तिला आत्ता कुटं तरी काय तरी दिसायला लागलं व्हतं.